अंगुस्तान बोटात नीट बसते का?

रब्बीची कामे आटोपली आणि ऊन तापू लागले की आपल्या भागात गोधड्या शिवायला सुरुवात होते. वर्षभर गाठोड्यात साठवलेली जुनी लुगडी, धोतरे, विरलेल्या चादरी धुऊन उन्हात वाळत पडतात. दुपारची झाकपाक झाली की पडवीत, नाहीतर देवळाच्या सावलीत बायका गोधडी पसरून बसतात. मृगाच्या आत ती हातावेगळी झाली पाहिजे, असा त्यांचा हिशेब असतो. याच दिवसांत माझ्या दवाखान्यात बोटाला फडके गुंडाळलेल्या आया-मावश्यांची संख्या वाढते. कुणाचे बोट पिकलेले, कुणाला नखुरडे झालेले, कुणाच्या बोटाच्या टोकाला चीर पडलेली.

वाचकहो, जवळजवळ तीस वर्षे मी ही बोटे पाहतो आहे. मलमपट्टी केली, गोळ्या दिल्या, धनुर्वाताचे इंजेक्शन टोचले आणि 'दोन दिवस काम बंद ठेवा' असे सांगून मोकळा झालो. बोटात अंगुस्तान होते का, नसेल तर का नव्हते, हे मी इतक्या वर्षांत एकदाही विचारले नव्हते. विचारायला सुरुवात केली ती एका मावशींमुळे.

या मावशी साठीच्या पुढच्या. घरी बसून गोधड्या शिवून देतात. पूर्वी गावापुरते काम असे. अलीकडे शहरात गोधडीची हौस वाढली आहे, बचत गटामार्फत मागणी येते, त्यामुळे वर्षाचे बाराही महिने त्यांच्या हातात सुई असते. एका मे महिन्यात त्या उजव्या हाताचे मधले बोट दाखवायला आल्या. सुई पुढे रेटताना तिची मागची, म्हणजे नेढ्याकडची बाजू निसटून बोटात घुसली होती. बोट थोडे लाल, थोडे दुखरे. बाहेर पेशंटची रांग होती. मी गोळ्या लिहून दिल्या आणि पाठवले. आठ दिवसांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा बोटावर हळद-चुन्याचा लेप आणि टोक वांग्यासारखे काळे-निळे. त्या दिवशी रक्तातली साखर तपासली तर ती ३४० निघाली. मधुमेह आहे हे ना त्यांना माहीत, ना मला. पहिल्या दिवशीच तपासायला हवी होती, ती मी तपासली नाही. ही माझी चूक आहे आणि ती इथे लिहायला मला संकोच वाटत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी सर्जनकडे पाठवले. संसर्ग हाडापर्यंत गेला होता. शेवटच्या पेराचा अर्धा भाग काढावा लागला.

एवढ्याशा सुईने एवढे रामायण कसे घडते, ते समजून घेण्यासारखे आहे. बोटाच्या टोकाचा मऊ गर आपल्याला एकसंध वाटतो, पण तो तसा नसतो. संत्र्याच्या फोडीत जसे पातळ पापुद्र्यांचे कप्पे असतात, तसे कातडीपासून हाडापर्यंत चिवट धाग्यांचे छोटे छोटे कप्पे त्यात असतात. या रचनेमुळेच वस्तू घट्ट पकडता येते, बोटाची कातडी इकडे-तिकडे सरकत नाही. मात्र याच कप्प्यात पू झाला तर त्याला पसरायला जागा मिळत नाही. आत दाब वाढतो, बोट ठणकू लागते आणि त्या दाबाखाली बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात. रक्त पोचले नाही की टोकाचे हाड मरू शकते. गळू पाठीवर झाले तर फुटून मोकळे होते. बोटाच्या टोकाचे तसे होत नाही. त्यात शरीरात साखर वाढलेली असेल तर जंतूंशी लढण्याची ताकदही कमी पडते.

म्हणून सुई टोचल्यावर काय पाहायचे, ते सांगतो. नुसते टोचले, रक्ताचा थेंब आला, तर साबण-पाण्याने हात स्वच्छ धुवावा आणि कोरडा करावा. तेवढे पुरते. हळद, चुना, चहापूड, तंबाखू, टूथपेस्ट यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. बोट ठणकून रात्रीची झोप मोडली, तर दुसऱ्या दिवशीचा सूर्य डॉक्टरकडेच उगवला पाहिजे. हा नियम आम्हाला आमच्या सर्जरीच्या सरांनी शिकवला होता आणि तो मला कधी चुकीचा ठरलेला आठवत नाही. आणखी एक खूण अशी : संपूर्ण बोट सुजून केळ्यासारखे झाले, ते किंचित वाकलेलेच राहते आणि कुणी सरळ करू गेले तर ब्रह्मांड आठवते, असे असेल तर स्नायूच्या दोरीभोवतीच्या नळीत पू झालेला असू शकतो. अशा वेळी दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहू नये. त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात जावे. सुईचे टोक आत मोडले असेल तर घरी दुसऱ्या सुईने कोरत बसू नये. पोलादी तुकडा एक्स-रेमध्ये दिसतो, तो कुठे आहे हे पाहूनच काढलेला बरा. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे केव्हा घेतले ते आठवत नसेल तर डॉक्टरांना तसे सांगा. पूर्वी ज्याला टी.टी. म्हणत, त्याच्या जागी आता टी.डी. ही लस मिळते, तिच्यात घटसर्पाचेही संरक्षण असते.

असो. मावशी बऱ्या झाल्या आणि दोन महिन्यांनी पुन्हा गोधडीवर बसल्या. मी म्हटले, "मावशी, आता तरी अंगुस्तान घालत जा." त्या म्हणाल्या, "डॉक्टर, घरात तीन हायेत. घातलं की बोट आंधळं होतं बघा. सुई कुठं चाललीया तेच कळत न्हाई." दुसऱ्या दिवशी त्यांनी ती तिन्ही आणून माझ्या टेबलावर ठेवली. एक इतके सैल की हात खाली केला की पडे. दुसरे घट्ट, काढल्यावर बोटावर लाल वळ. तिसरे प्लास्टिकचे, गुळगुळीत, सुई त्यावरून घसरे. आपण चपलेला पाय दाखवून चप्पल घेतो, बांगडी हातात चढवून घेतो, पण अंगुस्तान मात्र दोरा-बटणांच्या पुडीत जे येईल ते घरी आणतो.

आमच्या दवाखान्याला लागूनच एका शिंपीकाकांचे दुकान आहे. वय सत्तरच्या पुढे, अजून हाताने काजे करतात. मी मावशींना त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्या अर्ध्या तासात काकांनी जे दाखवले, ते मला मेडिकल कॉलेजात कुणी शिकवले नव्हते.

त्यांनी पहिल्यांदा मावशींना अंगुस्तानाशिवाय दहा टाके घालायला लावले आणि सुईचे नेढे बोटाला नेमके कुठे टेकते ते पाहिले. कुणी बोटाच्या अगदी टोकाने सुई रेटते, कुणी नखाच्या बाजूने, कुणी पोटाने, म्हणजे आपण अंगठा उठवताना कागदावर टेकवतो त्या भागाने. बोटावर जुना घट्टा असेल तर पाहायचेही कारण नाही, घट्टा हाच त्या जागेचा पत्ता. अंगुस्तान त्या जागेसाठी निवडायचे. टोकाने रेटणाऱ्याला वरून बंद, टोपीसारखे हवे. बाजूने रेटणाऱ्याला दोन्हीकडून उघडे, रुंद अंगठीसारखे हवे. शिंपी लोक बहुतेक हे उघडेच वापरतात, कारण त्यातून बोटाचे टोक मोकळे राहते आणि कापडाचा स्पर्श कळतो. मावशींचे बोट 'आंधळे' होत होते ते यामुळे. त्या बाजूने रेटणाऱ्या आणि तिन्ही टोप्या मात्र बंद तोंडाच्या. (अंगुस्तान हा शब्द फारसीतून आलेला. फारसीत अंगुश्त म्हणजे बोट. आपल्या अंगुष्ठाचे ते लांबचे भावंड.)

मापाची परीक्षा काकांची अशी : अंगुस्तान घालून हात खाली सोडावा आणि हलकेच झटकावा. पडले तर सैल. दहा मिनिटे घालून काढावे. खोल वळ उठला, टोक पांढरे पडले किंवा मुंग्या आल्या तर घट्ट. बंद टोपीत बोटाचे टोक आत जेमतेम टेकले पाहिजे. वर पोकळी राहिली तर प्रत्येक टाक्याला टोपी डुगडुगते आणि तिला सावरण्यासाठी आपण नकळत बाकीची बोटे आवळून धरतो. संध्याकाळी हात भरून येतो, तो यामुळेही. यात डॉक्टर म्हणून माझी एक भर. बोटाचे माप दिवसभर सारखे नसते. उन्हात, दुपारी बोटे थोडी फुगतात. संधिवात असणाऱ्यांची बोटे उलट सकाळी सुजलेली असतात. तेव्हा ज्या वेळी शिवायला बसता, त्याच वेळी दुकानात जाऊन माप पाहावे. थंडीत घेतलेले अंगुस्तान मे महिन्यात बोटात रुतणारच.

आता बोट काही नळीसारखे गोल नसते, ते थोडे चपटे असते. पितळेचे अंगुस्तान मऊ असते. काकांनी ते दोन बोटांत धरून हलके दाबले, लंबगोल केले आणि मावशींच्या बोटात सरकवले. किंचित सैल होते, तेव्हा आतून कापडी चिकटपट्टीचा एक तुकडा लावला. झाले काम. खळगे मात्र खोल हवेत, म्हणजे नेढे त्यात अडकून बसते. काठ बोटावर फिरवून पाहावा, धार लागता कामा नये. वर्षानुवर्षे वापरून खळगे झिजलेले, पत्रा पातळ झालेले अंगुस्तान आजीची आठवण म्हणून जपून ठेवावे, वापरू नये. जाड गोधडीत जोर लावला की सुई अशा पातळ पत्र्यातून आरपार जाते. 'अंगुस्तान होते तरी टोचले' म्हणणाऱ्यांचे अंगुस्तान एकदा उजेडात धरून बघा.

मावशींची अडचण पुढे वेगळीच निघाली. त्यांच्या बोटाला आता टोकच नाही. धातूचे कसलेही अंगुस्तान काही वेळाने त्या थोट्या बोटावरून फिरे आणि शस्त्रक्रियेच्या व्रणाला घासे. शेवटी तोडगा निघाला तो बसस्टँडजवळ चपला दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांकडे. कागदाची पट्टी बोटाभोवती गुंडाळून माप घेतले, जुन्या पर्सच्या मऊ कातड्याचे दोन तुकडे कापले आणि टोपी शिवली. शिवण टोकावर न घेता दोन्ही बाजूंना आणि बाहेरून घेतली, म्हणजे आत काही टोचत नाही. नेढे टेकते तिथे कातड्याचा आणखी एक जाड ठिगळासारखा तुकडा लावला. असे कातडी अंगुस्तान बोटाबरोबर वाकते आणि थोड्या दिवसांत बोटाचा आकार घेते. ज्यांना धातू अजिबात सोसत नाही त्यांनी हे जरूर करून पाहावे. ते घामाने, पाण्याने ओले झाले तर सावलीत वाळवावे आणि कातडे मऊसर, भोकाभोकांचे झाले की टाकून द्यावे. ते कायमचे नसते.

एका अंगुस्तानाने दोन्ही हात राखले जात नाहीत, हेही लक्षात असू द्या. उजव्या हाताचे मधले बोट सुई ढकलते, पण गोधडीखाली डावा हात असतो, टाका खालपर्यंत पोचला की नाही ते तोच सांगतो. सुईचे टोक त्याच्या तर्जनीला दिवसातून शेकडो वेळा टेकते. तिथे धातू घातला तर टाका कळत नाही, म्हणून बायका उघडे बोट ठेवतात. त्या बोटावर कापडी चिकटपट्टीचे दोन पदर किंवा पातळ कातड्याची टोपी घालावी. सुई टेकल्याचे कळते, पण आत शिरत नाही. पट्टी मात्र बोटाभोवती आवळून गुंडाळू नये आणि रबर बँड तर मुळीच लावू नये.

सुई ढकलल्यानंतर ओढायचीही असते. पाच-सहा पदरांतून अडकलेली सुई चिमटीत धरून ओढताना अंगठ्याच्या मुळाशी फार ताण येतो आणि मग बायका दात लावतात. दाताचे टवके उडालेले मी पाहिले आहेत. त्यापेक्षा सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन बोटे रुंद तुकडा जवळ ठेवावा. त्यात सुई धरली की घसरत नाही, निम्म्या जोरात बाहेर येते. आणि सुया ओठांत धरून बोलण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. ठसका लागायला वेळ लागत नाही.

काही जणींना अंगुस्तानाखाली खाज येते, बारीक पुरळ उठते. त्यांना मी एक प्रश्न विचारतो : खोट्या दागिन्यांनी कान चिघळतात का? घड्याळाच्या पट्ट्याखाली खाजते का? उत्तर 'हो' असेल तर ती बहुधा निकेल या धातूची ॲलर्जी असते. चकचकीत मुलामा दिलेल्या स्वस्त अंगुस्तानात निकेल असू शकते. अशांनी कातड्याचे किंवा चांगल्या खळग्यांचे प्लास्टिकचे वापरावे, घरात चांदीचे असेल तर उत्तमच. पितळेने बोट हिरवट होते, त्याला घाबरू नये, साबणाने जाते. बंद टोपीत घाम साचून कातडी पांढरी, फुगलेली होते आणि अशी कातडी लवकर फाटते. अर्ध्या-पाऊण तासाने अंगुस्तान काढून बोट पुसावे, दोन मिनिटे वारा लागू द्यावा. भांडी घासून ओल्या हातानेच शिवायला बसणाऱ्यांची नखांच्या कडा सतत सुजलेली असतात, त्यांनी तर हे पथ्य नक्की पाळावे. नखे कापलेली असावीत. घट्टा ब्लेडने तासू नये. कोमट पाण्यात बोट बुडवून, रात्री खोबरेल लावून तो मऊ ठेवला की चिरत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. सुई टोचते आणि दुखते, ही तक्रार मला चालते. सुई टोचली आणि कळलेच नाही, असे कुणी म्हटले की मात्र मी खुर्चीत सरळ होऊन बसतो. मधुमेहात नसा सहसा पायांपासून बधिर होत येतात. बधिरपणा पायात बराच वर चढल्यावर हाताच्या बोटांची पाळी येते. म्हणजे बोट कळेनासे झाले असेल तर तळपायही तपासलेच पाहिजेत. कातडीवर फिकट, न खाजणारा, बधिर चट्टा असेल किंवा करंगळी-अनामिकेला स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. लाजण्याचे काही कारण नाही, सरकारी दवाखान्यात औषधे मोफत आहेत आणि वेळीच घेतली तर हात शाबूत राहतो. आणि अंगठा, तर्जनी, मधले बोट रात्री मुंग्यांनी जागे करत असेल, हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर मनगटात नस दबत असण्याचा संभव आहे. मधुमेह, थायरॉइड आणि गरोदरपणात हे जास्त आढळते. त्यात अंगुस्तानाचा दोष नसतो, ते बदलत बसू नये, मनगट दाखवावे.

मधुमेह असलेल्या भगिनींनी आणखी एक लहानशी गोष्ट करावी. घरी साखर तपासण्यासाठी बोट टोचता, ते सुई ढकलणारे किंवा गोधडीखालचे बोट नसावे. अनामिका किंवा करंगळी घ्यावी आणि तीही टोकाला न टोचता बाजूला टोचावी. तिथे दुखतेही कमी.

नवीन अंगुस्तानाची सवय व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात. शिंपीकाका सांगत होते, लहानपणी त्यांच्या वस्तादांनी मधले बोट वाकवून दोऱ्याने तळहाताशी बांधून ठेवले होते, वाकलेल्या बोटानेच सुई रेटायची सवय लागावी म्हणून. तुम्ही बोट बांधू नका. रोज अर्धा तास, जुन्या धडप्यावर नुसता धावदोरा घाला. पहिले चार दिवस हात मंद चालेल, चिडचिड होईल. मावशींनीही दोनदा ते अंगुस्तान पिशवीत टाकून दिले होते.

परवा त्या साखर तपासायला आल्या होत्या. उपाशीपोटी १२६. पूर्वी रोज किती शिवून होई आणि आता किती होते, असे मी विचारले. "पयल्यासारखं न्हाई व्हत," त्या म्हणाल्या, "पण बोट दुखून घरी बसायला लागत न्हाई, त्यामुळं महिन्याचं तेवढंच पडतं." जाताना त्यांनी पिशवीतून ती जुनी तीन अंगुस्ताने काढली आणि शेजारच्या बाकावर बसलेल्या एका मुलीच्या बोटात एकेक घालून बघू लागल्या. दुसरे, ते घट्ट होते ना, ते तिला बरोबर बसले.